क्रौंचांचा पहारा उठला तेव्हा

राष्ट्रीय उद्यानात सगळे तिला डॉक्टरीण म्हणत. तिची पीएचडी बेडकांवरची, पण नावाचा महिमा असा की आसपासचे लोक आजारी कुत्री घेऊन तिच्या दारात उभे राहत.

त्या वर्षी उद्यानातली माणसं निम्म्यावर आली. कामं मात्र तेवढीच. साहेबांनी बैठक बोलावली आणि बसता बसताच सांगून टाकलं, "क्रौंचांच्या घरट्यांवरचा पहारा चालू राहील. बाकीचं जमेल तसं."

"जमेल तसं म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या," डॉक्टरीण म्हणाली. "माझं मत विचाराल, तर पहाराच उठवा."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. हा पहारा तिच्याच वडिलांनी बसवलेला होता.

"घरट्यांना आता शिकाऱ्यांची भीती नाही," ती शांतपणे म्हणाली. "वरच्या धरणाचं दार उघडतं आणि अंडी वाहून जातात. काठी घेऊन पाण्याला कोण अडवणार? शिवाय क्रौंच इतर दलदलींतही सुखाने नांदतायत. आपल्या झऱ्यांवरचा ठिपक्यांचा बेडूक मात्र दुसरीकडे कुठेच नाही. मोकाट डुकरं लोळून लोळून त्या झऱ्यांचा चिखल करतायत. झऱ्यांना कुंपण घालू, डुकरं पकडू. बेडूक वाचेल, छोटं कासव वाचेल, काठावरची फुलं वाचतील. आणि हे आपल्या हातातलं काम आहे."

"अहो, फाटकावर क्रौंचाचं चित्र आहे! बेडूक बघायला कोण येणार?" एक सहकारी म्हणाला.

"कोणीच नाही. म्हणून तर त्याच्यासाठी आपण हवे."

साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. "एक हंगाम देतो. फसलं तर तुमच्यावर येईल."

"येऊ द्या."

साहेबांना पटवणं सोपं होतं. खरा डोंगर घरी होता. तिचे बाबा याच उद्यानात पहारेकरी होते. शिकाऱ्याशी झटापट करताना झालेल्या जखमेचा वण अजून त्यांच्या मनगटावर होता. बातमी कळली तसं त्यांनी मुलीशी बोलणंच टाकलं. "तिला म्हणावं मीठ दे," असं ते बायकोला सांगत.

"मी काय टपालपेटी आहे?" आई शेवटी कडाडली. "समोर बसलीय ती. बोला!"

"जिंकलेली जागा सोडून जायचं?" बाबा ताटाकडे बघत म्हणाले.

"शिकारी तुम्ही हटवलेत, बाबा. ती लढाई संपली. जिंकली म्हणूनच तिथली माणसं हलवता येतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी घडीची खुर्ची काखोटीला मारून बाबा एकटेच पहाऱ्यासाठी दलदलीकडे चालते झाले, आणि मग रोजच जाऊ लागले. डॉक्टरणीने त्यांना अडवलं नाही.

इकडे झऱ्यांवर कुंपण उभं राहिलं. पहिल्याच आठवड्यात डुकरांनी एक बाजू उखडून टाकली. तुकडीची तोंडं उतरली. डॉक्टरणीने बाह्या सरसावल्या, जाळी जमिनीत खोल गाडायला लावली आणि स्वतः फावडं हातात घेतलं. पुढे सापळ्यांत डुकरं सापडू लागली. हळूहळू गाळ बसला, पाण्याचा तळ दिसू लागला. एका संध्याकाळी कुंपणाआडून बारीक टकटक ऐकू आली. एका बेडकाची, मग कितीतरी जणांची. ती चिखलातच मटकन बसली आणि मनमोकळं हसली.

त्याच आठवड्यात बाबा गुडघाभर भिजून, खुर्चीशिवाय घरी परतले.

"मी बसलोच होतो," ते आपणहून तिला म्हणाले. "डोळ्यांदेखत पाणी चढलं. दोन घरटी गेली. खुर्चीसुद्धा गेली. तिसरं उंचावर होतं, ते वाचलं. माझ्यामुळे नाही."

तिने टॉवेल पुढे केला. त्यांचा चेहरा बघून तिचा जीव तुटला, पण खोटा धीर तिने दिला नाही.

"धरणवाल्यांकडे तुमचे साहेब जातात का?" बाबांनी विचारलं.

"जातात. पालथ्या घड्यावर पाणी."

"साहेबांना नोकरी आहे. माझी संपली कधीच. मी जातो."

आणि खरंच गेले. दोन जुने सोबती घेऊन धरणाच्या कचेरीत ठाण मांडून बसले, ते तिथल्या इंजिनियरला दलदलीत आणून वाचलेलं पिल्लू दाखवूनच उठले. इंजिनियरने एवढंच कबूल केलं, की पक्षी अंड्यांवर असताना दार एकदम न उघडता थोडं थोडं उघडू.

साहेबांनी झऱ्यांची तुकडी पुढच्या हंगामालाही कायम केली. बाबांना हे डॉक्टरणीने जेवताना सांगितलं.

"बरं केलं," बाबा म्हणाले. "उद्या मला तो तुझा बेडूक दाखव. आणि येताना खुर्ची घेऊ एक."