दोन बटणांचा टॉर्च

फोटोवाल्यांनी त्या दिवशी दुकानदाराच्या अगदी नाकी नऊ आणले. काउंटरवर सात टॉर्च मांडून झाले होते आणि आठवा खोक्यातून बाहेर येत होता. त्यांची अट साधी होती, निदान त्यांच्या मते तरी. पांढरा उजेड हवा, लालही हवा, आणि लाल लावताना पांढऱ्याने मध्ये लुडबुडायचं नाही.

"हा बघा काका. एकदा दाबलं की पांढरा, तीनदा दाबलं की लाल."

"म्हणजे लालपर्यंत पोचायला आधी पांढरा तोंडावर मारून घ्यायचा. मग लाल काय शोभेला ठेवलाय?"

पुढच्याचा लाल दिवा नुसताच लुकलुकत होता, रस्त्यात गाडी बंद पडल्यावर लावतात तसा. त्यानंतरचा इतका भगभगीत, की लाल असून नसल्यासारखा. प्रत्येक टॉर्च तपासायला फोटोवाले एका रिकाम्या खोक्यात डोकं घालत आणि आतून नापसंती कळवत. बाकीची गिऱ्हाईकं हसत होती, पण त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. पस्तीस वर्षं त्यांनी लाल दिव्याखाली फोटो धुतले होते. लाल उजेड म्हणजे काय, ते दोन वर्षांपूर्वी दुकान थाटलेल्या माणसाने त्यांना शिकवायची गरज नव्हती.

शेवटी तो मिळाला. बोटभर लांबीचा, शेजारी शेजारी दोन बटणं, एक पांढऱ्याचं, एक लालचं.

"लोक घर घेतानाही इतकं बघत नाहीत हो काका," दुकानदार घाम पुसत म्हणाला.

"घर आहे माझ्याकडे. बायकोला झोप नाहीये," फोटोवाले म्हणाले आणि टॉर्च खिशात टाकून निघाले.

खरंच नव्हती. मांडीतल्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन होऊन बाई नुकत्याच घरी आल्या होत्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं: पट्टी दर तीन तासांनी बघायची, रात्रीसुद्धा, आणि रक्त दिसलं की तसंच उचलून आणायचं. आता बाईंची झोप म्हणजे स्वयंपाकघरातला नळ ठिबकला तरी मोडणारी. पहिल्या दोन रात्री फोटोवाल्यांनी पट्टी बघायला ट्यूब लावली आणि दोन्ही रात्री बाई उजाडेपर्यंत छताकडे बघत पडल्या. तोंड पार सुकून गेलं होतं. "अहो, मी बरी होईन," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही मला झोपू दिलंत तर."

टॉर्च बघून त्यांनी विचारलं, "दोन तास लागले याला? माझा चष्मा आणायला गेला होतात तेव्हा दहा मिनिटांत परत आला होतात."

"चष्म्यातलं मला काही कळत नाही. यातलं कळतं."

त्या रात्री त्यांनी लाल बटण दाबलं, चादर उचलली, पट्टी पाहिली, चादर घातली. बाईंची पापणीही हलली नाही. सकाळी त्या गरम चहा मागून प्यायल्या आणि किती दिवसांनी झोपले हो, म्हणाल्या. फोटोवाले दिवसभर कॉलर ताठ करून घरात हिंडत होते.

दुसऱ्या दिवशी लेक आली, आठ दिवसांची रजा टाकून. बापाचे डोळे पाहून तिने पाळ्या वाटून घेतल्या. रात्री दहा आणि एक बाबांचे, चार आणि सात तिचे. त्या रात्री दहाला बाई जाग्याच होत्या, म्हणून पट्टी ट्यूबच्या उजेडात पाहिली. स्वच्छ होती. एकला फोटोवाले उठले, लाल उजेडात पाहिली. स्वच्छ होती. टॉर्च लेकीच्या उशाशी ठेवून ते झोपले.

सकाळी सव्वासहाला त्यांनी पडदा सरकवला. पट्टी, चादर आणि खालची गादी रक्ताने भिजली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत बाईंचे हात गार पडले होते आणि नऊ वाजता सगळं संपलं.

"शेवटचं कधी बघितलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकला. कोरडी होती," फोटोवाले म्हणाले.

"चारला माझी पाळी होती," लेक म्हणाली. "मला झोप लागली."

डॉक्टर काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, कारण ते न बोललेलं लेकीने जिवाला लावून घेतलं. दोन आठवडे झाले तरी ती परत जायचं नाव काढीना. रोज रात्री चारचा गजर लावायची आणि वाजला की उठून आईच्या रिकाम्या पलंगापाशी खुर्चीत बसायची. जेवण पानात चिवडून ठेवायची. तुझी काही चूक नाही गं, असं फोटोवाले म्हणाले की तिचं उत्तर ठरलेलं होतं.

"बाबा, तुम्ही उठलात ना एकला? मग झालं."

खरं सांगायचं तर, आपण आपलं काम चोख केलं, याचा कुठेतरी त्यांना आधारही वाटायचा.

एके दिवशी दुपारी दवाखान्याचं सामान परत करायचं होतं. लेकीने वहीचं पान फाडून यादी केली आणि त्यांच्या हातात दिली. सामानाची खोकी जिन्याखालच्या खोलीत होती. एकेकाळी तीच त्यांची फोटो धुवायची खोली. खिडकी नाही, दिवा कधीचा गेलेला, म्हणून त्यांनी तोच टॉर्च बरोबर घेतला. ते आत शिरले, दार मागे लोटलं गेलं. सवयीने अंगठा लाल बटणावर पडला आणि त्यांनी यादी उजेडात धरली.

पान कोरं होतं.

त्यांनी उलटून पाहिलं. मागेही काही नाही. मग दुसरं बटण दाबलं. पांढऱ्या उजेडात लेकीचं अक्षर दिसलं: वॉकर, कमोडची खुर्ची, पायाखालची उशी. सगळं लाल पेनाने लिहिलेलं.

लाल दाबलं, अक्षरं गेली. पांढरं दाबलं, आली.

हाताखाली आलेल्या प्रत्येक माणसाला याच खोलीत पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं, खुणेला लाल पेन्सिल घ्यायची नाही, लाल दिव्याखाली लाल दिसत नाही. पस्तीस वर्षं ज्याने हे सांगितलं, त्यानेच लाल उजेड धरून बायकोच्या पट्टीवर रक्त शोधलं होतं. एकला पट्टी कोरडी होती की भिजलेली, हे त्यांना माहीत नव्हतं. आता कधी कळणारही नव्हतं.

तिथेच खोक्यावर ते बसून राहिले. न सांगितलं तर कोणाला कळणार होतं? हातातली यादी खाली ठेवायची, वॉकर उचलायचा, बाहेर जायचं. बाहेर लेक उरलेल्या गोळ्या मोजत होती. मोजता मोजता ती मध्येच थांबली आणि नाक ओढल्याचा आवाज आला. फोटोवाले उठले.

"इकडे ये," त्यांनी दार उघडून सांगितलं. तिला आत घेतलं, दार लावलं, तिच्यासमोर यादी धरली आणि लाल बटण दाबलं. मग पांढरं. त्यांनी सगळं सांगितलं. "मी एकला काहीच बघितलं नाही गं. बघितलं असं समजलो. हा टॉर्च मीच पसंत केला. तू झोपलीस म्हणून काही झालेलं नाही. हे माझ्यामुळे झालं."

ती ओरडेल, निदान हात झटकून बाहेर जाईल, असं त्यांना वाटलं होतं. तिने त्यांच्या हातातून टॉर्च घेतला आणि स्वतः लाल बटण दाबून पानाकडे बघत राहिली.

"मी उठले होते, बाबा," ती म्हणाली.

"काय?"

"गजर बंद केला. टॉर्च लावला, हाच, लाल. चादर उचलली. पट्टी अगदी स्वच्छ होती, म्हणून परत येऊन झोपले. सकाळी ते सगळं पाहिलं आणि वाटलं, मी उठलेच नव्हते, स्वप्नातच उठले. उठले असते तर दिसलं नसतं का?"

आणि मग ती रडली. दोन आठवड्यांत रडली नव्हती तशी, खोक्यांच्या मध्ये जमिनीवर बसून. फोटोवाल्यांनी तिला जवळ घेतलं. लेक झोपली नव्हती. तिने आपली पाळी पाळली होती. एवढं एक तिला मिळालं, आणि ते देताना त्यांच्या स्वतःच्या हातात काहीच उरलं नाही.

रडं ओसरल्यावर ती म्हणाली, "आई जराही हलली नाही हो बाबा. मी चादर उचलली तरी नाही. मला किती बरं वाटलं. म्हटलं, चला, आईला झोप लागली."

एकला चादर उचलली तेव्हाही, नळ ठिबकला तरी जाग येणाऱ्या बाई हलल्या नव्हत्या. फोटोवाल्यांनाही तेव्हा बरंच वाटलं होतं.