मीठ कमी

मी तापट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. वीस वर्षं मी हॉस्पिटलच्या किचनमध्ये पेशंटांचे ट्रे तपासले. बीपीवाल्याच्या ट्रेवर 'मीठ कमी', किडनीवाल्याच्या ट्रेवर 'मीठ कमी'. कुणाचा ट्रे चुकून दुसऱ्याकडे गेला की माझं तोंड सुटायचं आणि मग सगळा मजला ऐकायचा. त्यामुळे बहरीनमध्ये सगळं कोलमडलं तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या खाण्यापिण्याचा कारभार माझ्याकडे आला. कुणी दिला नव्हता, मीच घेतला.

आधी जहाजं यायची थांबली. मग सौदीकडे जाणारा पूल बंद झाला, मग विमानं, मग फोन, आणि मे महिन्यात वीज गेली. विजेबरोबर नळही गेले, कारण इथलं प्यायचं पाणी समुद्राचंच, यंत्राने गोडं केलेलं. हे का झालं, कुणी केलं, ते मोठ्या लोकांना माहीत असेल. आम्हांला एवढंच दिसलं की आमच्या अदलिया भागातली हॉटेलं, कॅफे आणि ऑफिसं एकेक करत ओस पडली आणि ज्यांना निघता आलं ते निघून गेले.

आमच्या तीन मजली बिल्डिंगमध्ये चार माणसं उरली. एक मी, डेल्फिन, वसईची, छप्पन्न वर्षांची विधवा. समोरच्या फ्लॅटमध्ये मुनाफ, रत्नागिरीचा, एसीच्या पार्टांच्या गोडाऊनचा स्टोअरकीपर. त्याची बायको नसीमा. आणि त्यांची तेरा वर्षांची इक्रा, जिला मराठी सगळं कळतं आणि जी उत्तर मात्र इंग्लिशमध्ये देते.

नसीमा ही माझी मैत्रीण. बावीस वर्षांची मैत्री, आणि त्यातली निम्मी वर्षं भांडणात गेली. माझा नवरा गेला तेव्हा चाळीस दिवस तिने माझ्या घरात चूल पेटू दिली नाही, तिन्ही वेळचं ताट तिच्याकडून यायचं. माझी भावंडं वसईत आहेत, पण दुखलं-खुपलं की मला आधी नसीमाच आठवते.

आम्हां दोघींना एक खोड होती. गावाकडे पावसाळ्याआधी आगोट भरतात, म्हणजे चार महिन्यांचं सुकं सामान घरात घेऊन ठेवतात. इथे वर्षाला चार सरी पडल्या तरी लोक फोटो काढतात, पण आम्ही दोघी सुट्टीहून येताना आगोट घेऊन यायचो. माझे सोडे आणि बोंबील, तिचा जवळा, खारा बांगडा आणि खारी सुरमई. मुनाफ दरवर्षी म्हणायचा, "बायांनो, पाऊस कुठं हाय तो तरी दाखवा." यंदा दोघींची आगोट मिळून एक मोठा पत्र्याचा डबा भरला होता. शिवाय मुनाफने एका बंद पडलेल्या होलसेलवाल्याला विचारून तांदळाच्या गोण्या आणि खजूर आणून ठेवले होते. म्हणजे खायला होतं. प्रश्न पाण्याचा होता.

तो सुटला माझ्या बापाच्या कृपेने. वसईला आमच्या वाडीत नाताळाआधी गुळाची दारू उतरायची आणि जाळ सांभाळायला मला बसवायचे. खाली मोठा टोप, त्यावर घट्ट झाकण, झाकणातून नळी, नळी गार पाण्यातून न्यायची, की दुसऱ्या टोकाने थेंब पडतात. गूळ घातला तर दारू पडते आणि समुद्राचं पाणी घातलं तर गोडं पाणी. मुनाफकडे एसीची तांब्याची नळी हवी तेवढी होती. त्याने ती उकळत्या पाण्याने चारदा धुतली आणि वेटोळं करून पिंपात बसवली. झाकणाच्या कडेला लावायला मी कणीक मळली. गच्चीवर चूल मांडली आणि जळण म्हणून खालच्या कॅफेच्या खुर्च्या फोडल्या.

"मुनाफभाई," मी म्हटलं, "हज करून आलेला माणूस वसईची भट्टी लावतोय. गावात कळलं तर काय तोंड दाखवाल?"

"पाणी काढतोय मी," तो म्हणाला. "आणि तुमचा बाप माझ्या दुआत असतो आता. आणखी काय पाहिजे?"

दिवसभर जाळ घातला की चौघांपुरतं पाणी पडायचं. समुद्राचं पाणी आणायला मुनाफ आणि नसीमा पहाटे निघायची. सुपरमार्केटच्या ट्रॉलीत कॅन घालून जुफेरच्या किनाऱ्यापर्यंत आणि परत. येताना दोघांचे कपडे पिळावे इतके ओले असायचे. माझे गुडघे ट्रॉलीच्या कामाचे नव्हते, म्हणून मी चूल बघायची आणि इक्रा लाकडं वर आणायची.

पहिल्याच दिवशी मी कायदा केला. मीठ बंद. मिठाने तहान वाढते आणि पाणी मोजकं आहे. पेज अळणी, भात अळणी आणि सुकं तर अजिबात नाही. आगोटीचा डबा मी माझ्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि चावी गळ्यातल्या क्रुसाशेजारी अडकवली.

"खाऱ्याचा एक तुकडा दिलास तर जग बुडायचं नाय," नसीमा म्हणाली.

"बुडायचं तेवढं बुडालंय. आता मला विचारल्याशिवाय नाही," मी म्हटलं. तिने इक्राकडे बघून डोळे फिरवले. पण पाळलं सगळ्यांनी. मुनाफने तर अळणी पेजेचं कौतुकसुद्धा केलं.

पाळलं नाही ते मी.

पहिल्यांदा असं झालं की ती दोघं ट्रॉली घेऊन गेली होती, इक्रा झोपली होती आणि मी डबा नीट बंद आहे ना ते बघायला गेले. झाकण उघडलं तर वास आला. मी खाऱ्या सुरमईचा अंगठ्याएवढा तुकडा तोंडात टाकला आणि चघळत गच्चीवर गेले. भाजला असता तर गल्लीभर वास सुटला असता, म्हणून कच्चाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. भूक लागायची म्हणून नाही. त्या अर्ध्या तासात मी वसईच्या घरात असायचे, बस. मग ती दोघं घामाने निथळत परत यायची, मी त्यांच्या हातात पाण्याचा पेला द्यायची आणि वर ऐकवायची, "सावकाश प्या, वाया घालवू नका."

जुलैत नसीमाच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. आम्ही म्हटलं, ट्रॉलीची दमणूक. मग डोकं दुखायला लागलं, मग उलट्या. मी तिला अंथरुणात घातलं आणि जागची हलू दिलं नाही. उन्हात पाणी कमी पडलं असणार, असा माझा हिशेब. म्हणून मी माझ्या वाटचं पाणी तिला पाजलं. मुनाफनेही त्याच्यातलं दिलं. जेवढं पाजू तेवढी ती आणखी मलूल पडत होती. चौथ्या दिवशी सकाळी तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "होडी आली काय?"

"कुठली होडी, नसीमा?"

"बाबाची. जेटीवर कोण गेलाय?"

तिचा बाप जाऊन तीस वर्षं झाली होती. इक्रा दारात उभी होती. "इज शी गोइंग टू डाय?" तिने मला सरळ विचारलं. मी तिला लाकडं आणायला पिटाळलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. नसीमा गेली तर मी या वाळूत कुणाशी भांडू, एवढंच डोक्यात येत होतं.

कुठे डॉक्टर नव्हता. हॉस्पिटलला महिन्यापूर्वीच टाळं लागलं होतं. मी गच्चीवर आले तेव्हा मुनाफ चुलीशी बसून स्वतःची पोटरी चोळत होता. इक्रालाही आदल्या दिवशी पायात गोळे आले होते. मी पाण्याची कळशी उचलून जिना उतरायला लागले.

"डेल्फिनबाय, तुम्हांला अल्लानं लोखंडाची बनवलीय," मुनाफ मागून म्हणाला. "आम्ही तिघं आडवं पडलोय आणि तुम्ही या वयात जिने चढताय."

मी तिथेच थांबले. चौघं तेच पाणी पितो. तीच पेज, तोच खजूर. मग मीच कशी धडधाकट?

आणि मला वॉर्डातली एक म्हातारी आठवली. महिनोन्‌महिने तिच्या ट्रेवर माझ्याच हातची 'मीठ कमी'ची चिठ्ठी जायची. एक दिवस ती भलतंच बरळायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि किचनमध्ये निरोप आला की ती चिठ्ठी काढा, बाईच्या अंगातलं मीठच संपलंय. चिठ्ठी मी स्वतः काढली होती. दोन दिवसांत म्हातारी शुद्धीवर येऊन चहा मागायला लागली.

भट्टीच्या पाण्यात मिठाचा कण नसतो. ही माणसं पंचेचाळीस डिग्रीत घाम गाळत होती आणि मी त्यांना अळणी पेज देत होते. टोपाच्या बुडाशी रोज मीठ साचायचं, ते मी उलथन्याने खरवडून फेकत होते. आणि स्वतः मात्र रोज सकाळी खारं चघळत होते.

सांगायला तोंड उघडेना. नुसतं "मीठ द्या" म्हटलं असतं तरी चाललं असतं, हेही खरं. पण खाई त्याला खवखवे. मी मुनाफसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मुनाफभाई, नसीमाला मीठ कमी पडलंय. तुम्हांलाही. मला पडलं नाही, कारण मी रोज चोरून सुरमई खाते. तुम्ही समुद्रावर जाता तेव्हा."

त्याने पोटरी चोळायचं थांबवलं. मला वाटलं, आता चार शब्द सुनावेल, आणि ते मला हवंच होतं.

"आधी पेज ठेवा," तो म्हणाला.

मी पेज केली, मीठ घालून, वर जवळा कुटून. नसीमाला नुसतं पाणी पाजणं बंद केलं. चमचा-चमचा पेज दिली. पहिल्या दोन वेळा बाहेर आली, तिसऱ्यांदा राहिली. मुनाफ आणि इक्रालाही समोर बसवून खारं खायला लावलं. तो दिवस आणि दुसरा दिवस मी तिच्या उशाशी बसून होते. येशूला साकडं घालत होते आणि मुनाफ पलीकडे तसबीची माळ ओढत होता. तिसऱ्या दिवशी तिने नाक वर केलं.

"पेजंत काय टाकलंस? माझा जवळा?"

"हो."

"कुटलास कशाला? जवळा कुणी कुटतं?"

मी तिचा हात धरून इतकी रडले की ती घाबरली. मुनाफ मला बाहेर घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "मी तिला काय सांगणार नाय. तुमचं तुम्ही बघा." त्याचे उपकार झाले, पण ते मला पेलणारे नव्हते. मी परत आत गेले आणि नसीमाला सगळं सांगितलं. चावी काढून तिच्या उशीजवळ ठेवली.

तिने भिंतीकडे तोंड केलं. दिवसभर बोलली नाही. माझ्या हातून पेज घेतली, पण माझ्याकडे बघितलं नाही. बावीस वर्षांत आम्ही एकमेकींना काय काय बोललो असू, पण ती गप्प कधी बसली नव्हती. मला ते सहन होईना.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुनाफ एकटाच ट्रॉली घेऊन गेला. मी गच्चीवर जाळ घालत होते. जिन्यावर पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. नसीमा भिंत धरून वर आली. मी उठायला गेले तर तिने हातानेच बसायला सांगितलं. चावी तिच्या गळ्यात होती. चुलीच्या पलीकडच्या बाजूला बसून तिने दम खाल्ला.

"किती दिवस खात होतीस?"

"चाळीसेक."

"एकटी?"

"हो. तू मेली असतीस, नसीमा. माझ्या कायद्यामुळे."

"त्याचं सोड. कायदा चुकतो माणसाचा. मी तुझ्याबिगर सुक्याचा घास कवा खाल्ला नाय, डेल्फे. मुनाफ गावाला असायचा तवा पण तुझं दार वाजवून खाल्लाय. आणि तू ह्या इथं एकटी बसून खाल्लंस. मना एक हाक मारता आली नाय तुला?"

चोरी केली म्हणून ती रागावली असती तर मी तिच्याशी भांडले असते. हे तर मला सुचलंच नव्हतं.

तिने ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. आत खाऱ्या सुरमईचे दोन तुकडे होते. एक तिने माझ्यापुढे धरला.

"मी नाही खाणार," मी म्हटलं.

"खाशील. तू आडवी पडलीस तर हा जाळ कोण बघील? आजपासून रोज इथं, माझ्यासमोर खायचं."

मी तुकडा तोंडात टाकला. तिनेही टाकला. खालच्या रस्त्यावरून ट्रॉलीचा खडखडाट येईपर्यंत आम्ही दोघी चघळत होतो.

"अजून माफ नाय केला मी तुला," नसीमा म्हणाली, आणि चुलीला वळसा घालून माझ्या शेजारी येऊन बसली.