देवेश सरांचा उजवा कान

बारावीत नयन एका प्रश्नाला गप्प बसला आणि स्वतःचं नाव घालवून बसला. डोंबिवलीतल्या क्लासमध्ये देवेश सरांनी त्याला उभं करून कूलोमचा नियम विचारला. नयन भिंतीकडे बघत राहिला. सर म्हणाले, "दोन प्रभार जवळ आणले की बल लागतं. ह्याच्यावर कसलंच बल लागत नाही. बस खाली, न्यूट्रॉन."

वर्ग हसला. आठवड्याभरात नयनचं भोपर गाव हसायला लागलं. क्रिकेट टीमने जर्सीवर तेच नाव छापलं. चुलतआजीला न्यूट्रॉन भाजी की फळ तेही ठाऊक नव्हतं, पण तीसुद्धा हाक मारायची, "ए न्यूट्रान, गॅस बंद कर रं."

नयनला सूड हवा होता, आणि तोही मापाचा. भरल्या माणसांत सरांना सूत्र विचारायचं आणि त्यांची दातखीळ बसलेली बघायची. अडचण एकच. माणसं भरायची क्लासमध्ये, आणि तिथे प्रश्न सर विचारायचे.

मग सरांचं लग्न ठरलं, तेही नयनच्या चुलतबहिणीशी, कृतिकाशी. घरचे म्हणाले, स्थळ चांगलंय, वर्तकनगरला स्वतःचा फ्लॅट आहे. नयन म्हणाला, "ताईला सख्खा भाऊ नाही ना?"

पोरगा हळवा झाला असं समजून काकूने डोळे पुसले. नयनच्या डोक्यात कानपिळी होती. सख्खा भाऊ नसला की चुलतभाऊ नवरदेवाचा कान धरतो, आणि मागितलेली वस्तू कबूल होईपर्यंत सोडत नाही. भर मांडवात, चारशे पाहुण्यांसमोर, कायदेशीर.

लग्नापर्यंत नयनने वीज आणि चुंबकत्व तोंडपाठ केलं. पकड कणकेच्या गोळ्यावर बसवली.

होम पेटला. गुरुजींनी वधूच्या भावाला बोलावलं. नयनने सरांचा उजवा कान धरला.

"घड्याळ आणलंय तुला," सर हळूच म्हणाले.

"घड्याळ राहू दे. सूत्रं सांगा."

"कसली?"

"विजेची. सुरुवातीची सगळी. कूलोमपासून."

ही गावची रीत असेल असं समजून गुरुजी थांबले. सर हसले. "के, क्यू वन क्यू टू, भागिले आर वर्ग."

नयनने कान पाव फेरा फिरवला. "ओहम?"

"व्ही बरोबर आय आर. जरा हळू रे!"

"गॉस?"

"बंद पृष्ठभागातून जाणारा फ्लक्स म्हणजे आतला प्रभार भागिले एप्सिलॉन नॉट."

वराकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. अँपिअरही बरोबर आला. नयनचा चेहरा पडत चालला.

"अरं सोड त्याला, भात गार होतंय!" वधूकडचे काळुराम आजोबा खुर्चीतून ओरडले.

"फॅरेडे," नयन दातओठ खात म्हणाला.

"ई बरोबर डी फाय बाय डी टी. झालं? सोड आता."

नयनने पकड घट्ट केली. "मायनस कुठाय?"

"मी फक्त परिमाण सांगितलं."

"मी सूत्र मागितलं होतं."

मांडवाचे दोन भाग झाले. वराकडचे म्हणाले, मायनस समजून घ्यायचा असतो. वधूकडचे म्हणाले, मायनसशिवाय पोरगी पाठवणार नाही. मायनस म्हणजे काय हे भांडणाऱ्यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे भांडण रंगलं.

"एवढ्याशा रेघेसाठी पोराचा कान उपटताय?" सरांची मावशी कळवळली.

"आमच्यात रेघ म्हंजे रेघ," काळुराम आजोबा उठून उभे राहिले. भात ते विसरले होते. "बांध वीतभर सरकला तर आमी तीन पिढ्या बोलत नाय."

शेवटी सगळे कृतिकाकडे वळले. ती एमआयडीसीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात कामाला होती, आणि मुंडावळ्यांआडून इतका वेळ सगळं ऐकत होती.

"मायनस राहिला, देवेश," ती म्हणाली. "आमच्याकडे दिशा विसरून तार गुंडाळली की धूर येतो."

सरांनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. पुन्हा उघडलं. व्हिडिओवाला जवळ सरकला. नयन ती दातखीळ पोटभर बघत राहिला, आणि मग त्याने कान सोडला. कान जर्दाळूच्या रंगाचा झाला होता.

"एवढं येत होतं," सर कान चोळत पुटपुटले, "तर तेव्हा वर्गात का नाही बोललास?"

"तेव्हा तुमचा कान माझ्या हातात नव्हता, सर."

मांडव हसला. या वेळी सरांवर. गुरुजींनी पळी उचलली, वाढप्यांनी बादल्या उचलल्या, सर घाईघाईने उठायला लागले. नयनने त्यांना पुन्हा पाटावर बसवलं आणि डावा कान धरला.

"मायनस का येतो ते राहिलं ना. लेन्झ सांगा."