बोटाला विचार

“पुड्यावर काय लिहिलंय ते वाचत बसू नकोस. बोटाला विचार.”

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, खजूर भिजत घालताना नवऱ्याने तिला हे सांगितले होते. तो सुक्या मेव्याच्या दुकानात वजन करायचा. अख्खा बाजार त्याला काटेकाका म्हणायचा. यंत्राने बी काढताना कधीकधी ती तुटते आणि टोक आतच राहते. म्हणून एकेक खजूर दाबून पाहायचा, हा त्याचा नेम, आणि तिनेही तो संसारभर पाळला. साखर त्यांच्या घरातून केव्हाच हद्दपार झाली होती. भातात मनुका, डाळीत जर्दाळू, रश्शात चिरलेले अंजीर. शेजारीण म्हणायची, “तुमच्याकडे मीठ तरी खारट असतं ना हो?”

आता काटेकाका इस्पितळाच्या खाटेवर होता. उजवी बाजू लुळी, शब्द घशातच अडकलेले. आज तोंडाने घास गेला नाही, तर संध्याकाळी नाकातून नळी घालायचे ठरले होते. नळीचे नाव निघताच त्याने भिंतीकडे तोंड फिरवले होते.

सूनबाई डबा घेऊन धावतपळत आली. केस अजून ओलेच. डब्यात दुधात मऊ शिजवलेले ओट्स आणि घोटलेला खजूर. गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी चमचा तिरका करून पाहिला, मान डोलावली आणि त्याला ताठ बसवले.

“हनुवटी खाली, काका. घाई नाही.”

चमचा ओठांआड गेला.

“गाळलंस ना गं?” सासूने सुनेला हळूच विचारले.

“गाळणीतून जाईना, आई. चमच्यानेच घोटला. पण बिनबियांचाच आहे, पुड्यावर लिहिलंय तसं.”

“दाबून पाहिलास?”

सुनेची नजर डब्यातल्या खजुराकडे गेली.

त्याचा जबडा थांबला होता.

“थांबा, काहीतरी आहे त्यात,” सासू पुढे सरसावली. बाईंचा हात घसा साफ करणाऱ्या यंत्राकडे गेला. त्याचा चेहरा लाल झाला, कपाळाची शीर फुगली. तिने मनातल्या मनात देवाचे नाव घेतले, पण तेही अर्ध्यावर राहिले.

तेवढ्यात त्याने डावा हात उचलला. पंजा उघडा, बोटे किंचित वर. दुकानात गिऱ्हाईक घाई करू लागले की तो असाच हात करायचा. काटा स्थिर होऊ द्या.

बाई थांबल्या. खोलीतले सगळेच थांबले.

गालाच्या आत काहीतरी सरकले. पुन्हा सरकले. मग ओठांच्या कोपऱ्यातून, कोणी हळूच ढकलावे तसे, तपकिरी टोक बाहेर आले. बीचा तुकडा, गव्हाच्या दाण्याएवढा. तिने तो पदरात टिपून घेतला. त्याने हनुवटी खाली केली आणि घशाची गाठ वर जाऊन खाली आली.

“गिळलं,” बाई म्हणाल्या. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकले, त्याला ‘आ’ म्हणायला लावले. “आवाज साफ आहे. जीभ काम करतेय. आजचा दिवस नळी नको. उद्या सकाळी पुन्हा बघू, पण गाळून आणा हं.”

सून भिंतीला टेकली. “आई, माझ्या हातून आज बाबा…”

“काही झालं नाही ना? डोळे पूस आणि बस त्यांच्यापाशी. त्यांना एकटं आवडत नाही.”

खाटेवरून आवाज आला. जड, तुटका. “बो… ट.”

“हो,” सासू त्याच्यावर वाकून म्हणाली. “उद्याचं मीच करीन. एकेक दाबून.”

त्याने डोळे मिटले. या वेळी भिंतीकडे तोंड न फिरवता.

तिने डबा पिशवीत ठेवला, चपला घातल्या. लिफ्टपाशी गर्दी होती, म्हणून ती जिन्याने उतरू लागली. कठड्यावरून सरकताना तिचा अंगठा आणि तर्जनी आपोआप एकमेकांना दाबून पाहत होती.