बुटकीची फळी

पोऱ्या पहिल्याच फटीत पडला.

मोठ्या पडद्यावर दोन छपरांच्या मधल्या अंधारात तो दिसेनासा झाला, खालून पाण्याचा डुबुक आवाज आला, आणि खेळ मुकाट्याने पहिल्या छपरावर परत येऊन उभा राहिला. दादाने हातातला कंट्रोलर मांडीवर टेकवून घेतला आणि शेजारी बसलेल्या बाईंकडे बघून हसला.

"घरचा कंट्रोलर जरा सैल आहे. हा कडक लागतोय."

बाई हसल्या नाहीत. घरात बसून दोघाचौघांनी केलेले खेळ घ्यायचे आणि बाजारात आणायचे, हे त्यांच्या कंपनीचं काम. खेळ दाखवायला आलेल्या माणसांची प्रत्येक सबब त्यांनी आधी कुठेतरी ऐकलेली असणार. त्यांनी हातानेच 'चालू द्या' अशी खूण केली.

मागच्या खुर्चीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली धाकटी बहीण अजून निर्धास्त होती. दादा आणि खेळात पडणार? लहानपणी कोपऱ्यावरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात हा खेळायला बसला की मोठी मोठी पोरं आपला नंबर सोडून त्याच्या पाठीशी उभी राहायची. सगळे त्याला उडीबहाद्दर म्हणायचे, आणि ही उडीबहाद्दरची बहीण म्हणून फुकटचा रुबाब मिरवायची. या खेळातली छपरं, जिने, फटी सगळं त्यानेच काढलं होतं, आणि प्रत्येक फट आपल्या अंगठ्याच्या मापाने आखली होती. बटण दाबून धरलं की पोऱ्या खाली वाकतो, आणि नेमक्या क्षणी सोडलं की लांब उडी जाते. जरा उशीर झाला की डुबुक.

तिच्या वाट्याला बुटकी आली होती. बुटकी म्हणजे पोऱ्याची सोबतीण, खांद्यावर फळी घेऊन छपराछपरांवरून त्याच्याबरोबर जाणारी. तिला कोणी खेळवत नाही. ती आपली आपण चालते, खेळणाऱ्यावर नजर ठेवते, तो कुठे अडतो ते शिकते, आणि फारच अडला तर फटीवर फळी टाकते. तिचं डोकं धाकटीने लिहिलं होतं, आणि गेले काही दिवस त्या डोक्यापायी तिचं स्वतःचं डोकं फिरायची वेळ आली होती.

कारण बुटकी बिघडली होती. लांब उडीची फट दिसली की ही पुढे धावायची आणि कोणी न बोलावता फळी टाकून मोकळी व्हायची. उड्यांच्या खेळात उडीच मारायला मिळेना. बाईंना पाठवलेला नमुना बघून त्यांनीही तेच कळवलं होतं: सगळं सोबतीणच करते, मग खेळणाऱ्याने करायचं काय? दुरुस्त करून एकदा समोर दाखवा, पण यापुढे मी वेळ देणार नाही. धाकटीने डोळ्यांत तेल घालून सगळा कोड तपासला. चूक सापडेना. दादाला विचारलं तर म्हणाला, "असू दे ना. मदतच करतेय बिचारी." शेवटी आज सकाळी निघायच्या आधी तिने बुटकीची पाटी कोरी केली. आजवर शिकलेलं सगळं पुसलं. जुनीची एक नक्कल तेवढी घरच्या मशीनवर ठेवली. दादाला सांगितलं नाही, नाहीतर त्याने परत 'बिचारी' काढलं असतं.

आता कोऱ्या पाटीची बुटकी खांद्यावर फळी घेऊन शहाण्यासारखी एका बाजूला उभी होती. दादाने एकदा तिच्याकडे बघितलं. वाट बघितल्यासारखं. मग त्याने पोऱ्याला पळवत कडेपर्यंत आणलं. पोऱ्या वाकला, वाकलेलाच राहिला, आणि उडाला तेव्हा उशीर झालेला होता.

डुबुक.

"तुमचाच खेळ ना हो हा?" बाई म्हणाल्या.

"माझाच." दादाचा आवाज नेहमीसारखा होता. मान मात्र लाल झाली होती.

धाकटीने पडद्यावरची नजर काढून त्याच्या हाताकडे बघितलं. उजवा अंगठा बटणावर होता. पोऱ्या कडेला आला, बटण सोडायची वेळ आली आणि गेली, आणि मग कुठे अंगठा उचलला गेला. जणू निरोप मिळाल्यावर वाटेत कोणाशी तरी बोलत बसला होता. खाली करंगळी एकटीच बारीक हलत होती. ती दिसू नये म्हणून दादाने हात पोटाशी ओढून घेतला.

मग तिला एकेक आठवायला लागलं. चहाचा कप हल्ली डाव्या हातात. चित्रं यायला उशीर, त्यावर आपण त्याला आळशी म्हणालो. आज सकाळी वहिनी त्याच्या शर्टाची बटणं लावत होती आणि हा हात लांब करून उभा होता, आपण दारातून ओरडलो, "काय थाट आहे नवरदेवाचा!" दोघंही हसले होते. वहिनी जरा उशिरा हसली होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. बुटकीत बिघाड नव्हताच. तिच्याशी रोज खेळणारा माणूस एकच होता, आणि त्याला लांब उड्या जमेनाशा झाल्यात हे तिला कळलं होतं. बहिणीला कळलं नव्हतं. आणि जिला कळलं होतं तिला बहिणीने आज सकाळी पुसून टाकलं होतं, आणि दादाला परक्या लोकांसमोर त्याच्याच फटींपुढे एकटा आणून बसवलं होतं.

तिला आपली लाज वाटली आणि त्याच क्षणी त्याचा रागही आला.

दादाने पुन्हा पोऱ्याला उभा केला. बाईंनी घड्याळाकडे बघितलं नाही, पण पाय बदलून बसल्या. धाकटीच्या शेजारी कंपनीचा तंत्रज्ञ होता, जाड चष्म्याचा. तो वहीच्या कोपऱ्यात चौकोन काढत होता.

मशीन बिघडलं म्हणून सगळं थांबवता आलं असतं. पण उद्या काय? आणि दादा एवढ्यावर उठून गेला असता तर पुन्हा कधी कंट्रोलर हातात घेता ना.

लॅपटॉपवर एक सोय होती. बुटकी नवीन होती, तिला धड चालता येत नव्हतं, तेव्हा धाकटी तिला बाणांच्या कळांनी स्वतः चालवून बघायची. एक कळ दाबली की बुटकी तिच्या हातात येई. ती सोय काढायची राहून गेली होती. आपण होऊन शिकणारी सोबतीण दाखवतो म्हणून इथे यायचं आणि मागून दोरी ओढायची, ही सरळ फसवणूक होती. चष्मेवाल्याने नुसती मान वळवली असती तरी भांडं फुटलं असतं, आणि मग हा खेळच काय, त्या दोघांचा पुढचा कुठलाही खेळ कोणी दारात उभा केला नसता.

तिने लॅपटॉपचा पडदा आपल्याकडे कलता केला आणि कळ दाबली.

बुटकी धावली. फळी घाईत जरा तिरकीच पडली, पण पडली. दादाचे खांदे खाली आले. पोऱ्या फळीवरून पलीकडे गेला.

पुढची फट लहान होती. धाकटीने फळी टाकली नाही, आणि पोऱ्याने ती उडी सहज मारली. त्याच्या पुढची तिने उगाचच सोपी धरली. डुबुक. ही चूक बुटकीने केली नसती, असं तिच्या मनात आलं. मग ती पडद्याकडे बघायचं सोडून दादाच्या मनगटाकडेच बघायला लागली. मनगट ताठ झालं की फळी. सैल असलं की नाही. बोटं कळांवर न आपटता ती पेराने हलके हलके दाबत होती, तरी तिला प्रत्येक टक् स्वतःच्या कानात ऐकू येत होता.

"शिकली काय ती एवढ्यात?" चष्मेवाला कुजबुजला. वही मिटून तो पुढे झुकला होता.

"हं."

"पहिल्या दोन वेळा नुसतीच उभी होती."

"हं," ती म्हणाली, आणि खांदा जरा आडवा केला.

शेवटची फट सगळ्यांत रुंद. तिथे फळी पुरत नाही; फळीच्या टोकावरून उडी मारावीच लागते. धाकटीने फळी टाकली आणि बुटकीला पलीकडे नेलं. पोऱ्या टोकावर येऊन थांबला. दादाने कंट्रोलर गुडघ्यावर आडवा ठेवला, उजवा हात काढून घेतला, आणि सगळ्यांच्या देखत डाव्या हाताच्या बोटाने बटण दाबलं. धरलं. सोडलं.

पोऱ्या पोचला.

बाईंनी श्वास सोडला तो ऐकू आला. "आता बोला," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. "ही आवडली मला. सगळीकडे नाचत नाही, गरज असेल तिथेच फळी टाकते. आणि ते मागे वळून बघणं! फळी टाकते, पलीकडे जाते, आणि वळून बघते, हा आला का म्हणून. कोणाला सुचलं ते? त्याला हात लावू नका. तेवढ्यावर लोक हा खेळ घेतील."

मागे वळून? धाकटीला कळेना. बुटकीच्या डोक्यात तिने असलं काही लिहिलं नव्हतं. मग तिची नजर आपल्या बोटांवर गेली. बुटकीला मागे वळवणाऱ्या डावीकडच्या बाणावर बोट अजून तसंच होतं.

दादा खुर्चीतल्या खुर्चीत वळला आणि त्याने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. ओळख पटल्यासारखं.

आता सांगून टाकावं, असं तिला वाटलं.

"ते तिचं नाही," दादा म्हणाला.

"म्हणजे?"

"बुटकी मागे बघत नाही. कधीच बघितलं नाही तिनं. ते हिचं आहे." त्याने हनुवटीने बहिणीकडे खूण केली. "आज बुटकीला हीच चालवत होती."

चष्मेवाल्याने हात लांब करून लॅपटॉप आपल्याकडे वळवला, एक कळ दाबून बघितली. पडद्यावर बुटकी एक पाऊल सरकली.

"खरं आहे?" बाईंनी विचारलं.

"हो. तुम्ही म्हणालात ना, ती फार मदत करते, म्हणून आज सकाळी मी तिचं शिकलेलं सगळं पुसलं. मला वाटलं बिघाड आहे. पण तो बिघाड..." पुढचं वाक्य दादाचं होतं. ते आपण कसं बोलायचं, हे तिला कळेना.

दादाने उजवा हात उचलून टेबलावर पालथा ठेवला. करंगळी हलत होती. त्याने ती हलू दिली.

"माझ्याकडून शिकली होती ती," तो म्हणाला.

बाईंनी हाताकडे बघितलं, मग पडद्याकडे.

"ती जुनी आहे अजून?"

"घरी आहे. नक्कल."

"घेऊन या. लॅपटॉप माझ्या टेबलावर राहील, तुम्ही दोघं लांब बसाल, आणि खेळेन मी. माझ्या हाताला ती काय करते ते बघायचंय मला." त्या उठल्या. "आज केलंत ते मला मुळीच आवडलेलं नाही. सांगितलंत म्हणून परत बोलावतेय. घेईनच असं समजू नका."

जिन्यात दोघंच होते. दादाने बॅग डाव्या खांद्याला अडकवली होती आणि उजव्या हाताने कठडा नुसता शिवत शिवत तो उतरत होता.

"कशाला बोललास?" धाकटी म्हणाली. "घेत होत्या त्या."

"दुसरं काहीही म्हणाल्या असत्या ना, गप्प बसलो असतो. आधी फसवलं असतं आणि मग घरी जाऊन तुला झापलं असतं. पण त्या नेमकं ते बघणंच ठेवा म्हणाल्या."

"मग? बघितलं तर काय झालं?"

अर्ध्या जिन्यातल्या खिडकीपाशी थांबून त्याने बॅगेचा पट्टा सारखा केला.

"कधीपासून आहे हे?" तिने विचारलं.

"झाले बरेच दिवस. डॉक्टरांची वेळ घेतलीय. तुझी वहिनी येतेय बरोबर."

"म्हणजे वहिनीला माहीत. बुटकीला माहीत. मी काय, शेजारची?" तिचा आवाज चिरकला. "मला का नाही सांगितलंस, दादा?"

"तू तेव्हापासून हाताकडेच बघत बसली असतीस." तो खिडकीतून बाहेर बघत होता. "ती कशी, फळी टाकायची आणि चालू लागायची. मी आलो का पडलो, बघायची नाही. म्हणून तिच्याबरोबर खेळायला बरं वाटायचं गं."

धाकटीला रडू आलं होतं. ते तिने गिळलं, कारण तेही त्याला दिसलंच असतं. तो पुन्हा उतरायला लागला, एकेक पायरी, आणि ती त्याच्या मागे.

खाली इमारतीचं दार जड होतं, आत ओढून धरावं लागणारं. शेवटचं वळण आलं तशी ती भिंतीच्या बाजूने त्याच्या पुढे गेली, उरलेल्या पायऱ्या भराभर उतरली, दोन्ही हातांनी दार ओढलं आणि पाठ टेकवून उघडं धरलं. तोंड रस्त्याकडे.

समोर एक माणूस दुकानाची काच पुसत होता. वरचा कोपरा त्याला पुरत नव्हता. टाचा उंचावून तो पुन्हा पुन्हा फडकं मारत होता.

मागे जिन्यात पाऊल थांबलं. बॅग भिंतीला घासल्याचा आवाज आला, आणि मग काहीच आवाज नाही. रस्त्याकडेच धरलेली तिची मान दुखायला लागली. काच पुसणाऱ्याने शेवटी एक स्टूल आणलं, त्यावर चढला, आणि तो कोपरा पुसून काढला.

मग मागची पायरी वाजली, आणि तिच्या खालची.