पलंगावरचा नवरा

नेअर्सबरो हे माझं माहेर. शाळा संपली तशी मी तिथून लंडनला पळ काढला होता, कारण त्या गावात कुणी शिंकलं तर नदीपलीकडून औषध सुचवतात. आता रिटायर झालेल्या माझ्या नवऱ्याला, क्लाइव्हला, नेमकं तिथेच घर घ्यायचं होतं. रविवारी संध्याकाळपर्यंत एजंटला कळवायचं होतं. शनिवारी सकाळी मी गाडीतून उतरले ती तोंडात ‘नाही’ तयार ठेवूनच.

बाजारचौकात पोहोचतो न पोहोचतो तोच बेव्हर्लीने पकडलं. शाळेत ती माझ्या शेजारी बसायची. त्या दिवशी गावात पलंगांची शर्यत होती: चाकांच्या पलंगावर एकाने झोपायचं, सहाजणांनी ढकलायचं आणि शेवटी नदी पार करायची. तिच्या संघातल्या लेक-जावयाचं पोट बिघडलं होतं.

“जिल, तू ढकलायला ये. आणि या तुझ्या नवऱ्याला पलंगावर झोपव.”

“अगं, मी आजी झालेय.”

“मग? ते बघ शेजारच्या हॅरोगेटचे दंतवैद्य, त्यांचाही संघ आहे. तुला बघून हसतायत.”

हसतायत? मी कोट काढून बाकावर टाकला.

आडवं होणं हे एकच काम क्लाइव्हला न सांगता जमतं. डोक्याला हेल्मेट घालून तो कागदी फुलांत ऐसपैस पसरला आणि आम्ही सहाजणी सुटलो.

किल्ल्याच्या चढावर माझ्या नाकी नऊ आले. दोन्ही बाजूंना सगळं गाव उभं.

“ही थॅक्रेंची जिलियन ना? अजून तसंच तोंड करते बघ.”

“नवरा जरा हलका बघायचास गं.”

एरवी मी भडकले असते. पण मला हसू आवरेना. उतारावर तर पलंगच आम्हाला ओढत होता. समोर रेल्वेपुलाच्या कमानी, खाली चकाकणारी नदी. हे सगळं इतकं देखणं होतं आणि मी कंटाळून पाठ फिरवली होती! काय मूर्ख होते मी.

मग पलंगासकट थेट पाण्यात.

“जिल, पाणी आत येतंय,” क्लाइव्ह म्हणाला.

“मग पी.”

आम्ही जीव खाऊन पोहलो, पण काठावर चढताना दंतवैद्य हातभर पुढे निघाले आणि आम्ही हरलो.

“सराव कधी सुरू करता तुम्ही?” मी धापा टाकत विचारलं.

“एप्रिलमध्ये,” बेव्हर्ली म्हणाली.

“म्हणूनच. पुढच्या वर्षी फेब्रुवारीपासून. दर मंगळवारी, चढावर. दांडी मारली तर माझ्याशी गाठ आहे.”

बेव्हर्लीने क्लाइव्हकडे बघितलं. तो उठून बसला होता, मिशीतून पाणी निथळत होतं.

“दर मंगळवारी लंडनहून येणार तू?” त्याने साळसूदपणे विचारलं.

“तुझा फोन कुठाय?”

“भिजला.”

“मग बेव्हर्लीचा घे आणि त्या एजंटला आत्ता सांग. उद्यापर्यंत ते घर दुसऱ्या कुणी घेतलं ना, तर तुला परत नदीत टाकीन.”