बहिष्काराच्या दिवशी मी आत गेले

हो, गेले मी आत. सगळ्यांनी बहिष्कार घातला होता, तरी गेले. आता कोणाला काय बोलायचंय ते बोला, माझ्या अंगाला भोकं पडत नाहीत.

आमची फुटबॉल टीम म्हणजे सगळा आनंदीआनंद. सलग नऊ मॅच हरलेली. गोल करणारा एकुलता एक पोरगा, तोही मालकाने विकला आणि स्वतःला बसायला काचेची खोली बांधून घेतली. आता म्हणे आमची पूर्वेची गॅलरी पाडून तिथेही पैसेवाल्यांसाठी काचेच्याच खोल्या करणार. आम्ही त्याचं नावच काचेश्वर ठेवलं होतं. त्या गॅलरीतली शेवटची मॅच शनिवारी होती. चाहत्यांच्या मंडळाने ठरवलं, कोणी आत पाऊल टाकायचं नाही, सगळ्यांनी गेटबाहेरच उभं राहायचं, बघू दे मेल्याला रिकाम्या खुर्च्या. मीसुद्धा म्हटलं, बरोबर आहे, अशीच जिरवायला हवी.

पण मग भावजी आठवले.

भावजी म्हणजे नात्यातले कोणी नव्हेत. गॅलरीत शेजारी बसायचे. बस दुरुस्तीचं काम, नखांत कायम ग्रीस. एकोणीस वर्षं मधल्या खुर्चीवर आमचे हे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ते. ह्यांना दादा म्हणायचे, मला वहिनी. त्यांचं नाव? कधी विचारलंच नाही. घर कुठे, फोन नंबर काय, काही नाही. शनिवार आला की भेटणारच, मग विचारायचं कशाला?

हे जाऊन चार वर्षं झाली. मी तेव्हापासून सरकून ह्यांच्या खुर्चीवर बसते. हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी धुते, मशिनच्या घरघरीत दिवसभर तोंडाला कुलूप. मुलगा रविवारी फोन करतो. "जेवलीस?" "जेवले." संपलं. मला वहिनी म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलंय. "दादा असते ना, तर आज त्या रेफ्रीच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या," असं काहीतरी म्हणतात, आणि मला ते आठवडाभर पुरतं. गॅलरी पडली की ते कुठे आणि मी कुठे!

गेटबाहेर तर हजारो माणसं असणार, त्यात कुठे शोधू? खुर्ची मात्र ठरलेली. भावजींनाही हेच सुचेल, माझ्यासाठी तेही आत येतील, असं मी धरून चालले. केवढी शहाणी बाई!

गेटातून जाताना मागून कोणीतरी "गद्दार" म्हणून ओरडलं. मान वळवली नाही.

आख्ख्या गॅलरीत आम्ही बाराजण, तेही इकडे एक, तिकडे एक. भावजींची खुर्ची रिकामी. कोणी बसू नये म्हणून मी तिच्यावर पिशवी ठेवली. बसणार कोण होतं म्हणा! दहाव्या मिनिटाला आमच्या गोलकीपरने पायातून गोल सोडला. मी सवयीने ओरडले, "अरे दगडा, झोपलास काय!" एरवी त्या गदारोळात माझा आवाज मलाही ऐकू यायचा नाही. त्या दिवशी पोरगा चक्क वळला आणि म्हणाला, "सॉरी, काकू." कान लालबुंद झाले होते त्याचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हाफटाइम झाला, पुन्हा खेळ सुरू झाला, तरी दर दोन मिनिटांनी मी जिन्याकडे बघत होते. तेवढ्यात समोरच्या मोठ्या स्क्रीनवर एक बाई दिसली, मांडीवर हात ठेवून एकटीच बसलेली. मला आधी कळलंच नाही. खाली अक्षरं आली, 'खरी चाहती'. अगं बाई, मीच की ती! काचेश्वर आपल्या खोलीत उभा राहून माझ्यासाठी टाळ्या वाजवत होता. त्यात भर म्हणून कोट घातलेली एक मुलगी कॉफी घेऊन आली. "साहेबांनी पाठवलीय."

"साहेबांना म्हणावं, तुम्हीच ढोसा."

ती गेली. पण माझा चेहरा दिसायचा तो जगाला दिसलाच होता.

चार गोल खाऊन मॅच संपली. बाहेर आले तर गेटाशी सगळ्यात पुढे भावजी उभे. दोन्ही हातांत चहाचे कागदी कप, दोन्हींवर साय धरलेली.

"सकाळपासून इथे आहे, वहिनी," ते म्हणाले. "येईल त्या बाईच्या तोंडाकडे बघत होतो. तुम्ही आत असाल असं मनातसुद्धा आलं नाही. मग कोणीतरी फोनवर मॅच लावली, त्यात दिसलात."

"मी तुम्हालाच शोधायला गेले होते, भावजी."

त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. मागची पोरं माझ्याकडे बोट दाखवून ओरडत होती.

"दादा असते तर आत गेले नसते," ते म्हणाले.

खरं होतं. म्हणूनच झोंबलं.

"नसतेच गेले," मी म्हटलं. "त्यांना काय, घरी बोलायला मी होते."

भावजींनी एक कप माझ्या हातात दिला आणि मान खाली घालून त्या पोरांकडे परत गेले. तेव्हा तरी मी त्यांचं नाव विचारायला हवं होतं. नाही विचारलं.